सहा दिवसांची जास्तीची रजा आणि गेलेले चार महिने: सीए करणाऱ्या पोरांची प्रगती ऑफिसनं कशी सांभाळायची

एक घडलेली गोष्ट आधी सांगते. आमच्याकडं खानापूरकडची एक मुलगी आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकायला होती, इंटरचे, म्हणजे सीएच्या मधल्या परीक्षेचे, दोन्ही ग्रुप पहिल्याच दणक्यात काढलेली, कामाला चोख, रोज सकाळच्या गाडीनं बेळगावला येणार आणि संध्याकाळी परत जाणार. २८ फेब्रुवारीला रुजू झालेली. दोन वर्षांनी शेवटचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा कुणीतरी रजा मोजली. आजी वारली तेव्हा आठ दिवस, भावाचं लग्न, एकदा टायफॉइड, पावसात रस्ता बंद म्हणून सुटे सुटे चार-पाच दिवस, असं करत करत तीस दिवस झालेले. नियमानं वर्षाला १२, म्हणजे दोन वर्षांत २४. वरचे सहा दिवस भरून द्यावे लागले, म्हणजे आर्टिकलशिप २७ फेब्रुवारीला संपायची ती ५ मार्चला संपली.

सहा दिवसांनी काय होतंय, असं कुणालाही वाटेल. पण फायनलला, म्हणजे सीएच्या शेवटच्या परीक्षेला, बसायचं तर आर्टिकलशिप संपून सहा महिने व्हावे लागतात, आणि ते परीक्षेच्या महिन्याच्या पहिल्या तारखेआधी पूर्ण झालेले लागतात. २७ फेब्रुवारी अधिक सहा महिने म्हणजे ऑगस्टअखेर, सप्टेंबरची परीक्षा मिळाली असती. ५ मार्च अधिक सहा महिने म्हणजे ५ सप्टेंबर, सप्टेंबर हुकला, पुढची परीक्षा थेट जानेवारीत. चार महिने गेले आणि त्यात तिच्या अभ्यासाचा काडीचाही दोष नव्हता. दोष आमचा होता, कारण हजेरी आमच्याकडं होती आणि बेरीज आम्ही केली नव्हती.

तेव्हापासून हे काम मी अंगावर घेतलंय. मी टिळकवाडीत एका सीएच्या ऑफिसात बरीच वर्षं काम करते, पोरं मला ताई म्हणतात, सर ऑडिटचं बघतात आणि आर्टिकल्सचं, म्हणजे आर्टिकलशिप करणाऱ्या पोरांचं, आणि स्टाफचं मी बघते. आमच्या भागात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी सगळीकडं, सीए करणारी पोरं वाढलीत पण घरात पहिल्यांदाच कुणीतरी हे करतंय अशीच बहुतेक, आईवडिलांना काही कळत नाही आणि लहान ऑफिसात एचआर वगैरे कुणी नसतं. म्हणून लिहितेय. ट्रॅकिंग म्हटलं की पोरांना वाटतं आता रोज विचारणार किती तास वाचलास, आणि मालकाला वाटतं पास-नापासची यादी ठेवली की झालं. दोन्ही नाही. अभ्यास पोरांनी करायचा, तारखा ऑफिसनं सांभाळायच्या, आणि अभ्यासाबाहेरच्या कुठल्याही कारणानं एकाही पोराचा एकही अटेम्प्ट जाऊ द्यायचा नाही, हेच मला त्यातलं खरं काम वाटतं.

आता आधी परीक्षेचा सांगाडा थोडक्यात, ज्यांना माहीत आहे त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. सीएची परीक्षा आयसीएआय घेते, १९४९ च्या कायद्यानं झालेली सीएंची संस्था. बारावीनंतर फाउंडेशन, चार पेपर. मग इंटरमिजिएट, सहा पेपर, तीन-तीनचे दोन ग्रुप. मग आर्टिकलशिप म्हणजे एखाद्या सीएकडं प्रत्यक्ष काम शिकणं. मग फायनल, पुन्हा सहा पेपर दोन ग्रुप. पदवीधर असेल तर फाउंडेशन न देता सरळ इंटरला जाता येतं, कॉमर्सवाल्याला ५५ टक्के लागतात आणि इतरांना ६०. जुलै २०२३ पासून नवी स्कीम आली त्यात मोठा बदल हा झाला की आर्टिकलशिप तीन वर्षांची दोन वर्षांवर आली, आणि इंटरचे दोन्ही ग्रुप निघाल्याशिवाय आर्टिकलशिप सुरूच होत नाही. आधी एक ग्रुप काढून पोरगं रुजू व्हायचं आणि काम करत करत दुसरा द्यायचं, ते संपलं. जुन्या लोकांच्या डोक्यात अजून जुनंच बसलंय, त्यामुळं ओळखीचा कुणी मामा-काका सीए असला तरी त्याचा सल्ला तपासून घ्यावा लागतो.

या बदलामुळं एका ऑफिसात तीन वेगवेगळ्या प्रकारची पोरं असतात आणि तिघांचं घड्याळ वेगळं चालतं. एक आर्टिकल, ज्याला आत्ता परीक्षा नाहीच, पण दिवस मोजायचेत आणि मधल्या अटी पूर्ण करायच्यात. दुसरं पेड स्टाफ, इंटरचा एखादा ग्रुप राहिलेलं, पगारावर काम करतं आणि परीक्षा देतं. तिसरं आर्टिकलशिप संपवून फायनलची तयारी करणारं, कधी अर्धवेळ येतं कधी सुट्टीवर असतं. मी सुरुवातीला तिघांना एकाच यादीत घातलं होतं, काय बी कळेना. आता वेगळ्या शीट आहेत.

सगळ्यात जास्त नुकसान कुठं होतं तर एक्झम्प्शनमध्ये, म्हणून ते जरा सावकाश सांगते. पास व्हायला प्रत्येक पेपरला किमान ४० लागतात आणि ग्रुपची बेरीज निम्मी, म्हणजे तीन पेपर शंभर-शंभरचे तर १५०. समजा एखाद्याला मे महिन्यात ६२, ४५ आणि ४१ पडले. बेरीज १४८. दोन मार्कांनी ग्रुप गेला. पण ज्या पेपरला ६० किंवा जास्त आहेत त्यात सूट, म्हणजेच एक्झम्प्शन, मिळते, तो पेपर पुन्हा द्यायचा नाही, ते ६२ तसेच धरायचे. मग उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८८ पाहिजेत, म्हणजे ४४-४४ पडले तरी ग्रुप निघतो. केवढा मोठा आधार आहे बघा, तीन पेपरांचा अभ्यास दोनवर आला आणि डोक्यावरचं ओझं हलकं झालं.

पण ही सूट कायमची नसते, लगेच पुढच्या तीन परीक्षांपुरती असते, आणि तुम्ही बसा किंवा नका बसू, त्या तीन मोजल्या जातात. आधी परीक्षा वर्षातून दोनदा व्हायच्या तेव्हा तीन परीक्षा म्हणजे दीड वर्ष. २०२४ पासून इंटर आणि २०२५ पासून फायनल वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे, सप्टेंबर. म्हणजे मे मध्ये मिळालेली सूट सप्टेंबर, जानेवारी आणि पुढचा मे एवढीच, एका वर्षात संपली. पोरांना वाटतं अटेम्प्ट वाढले म्हणजे वेळ वाढला, या बाबतीत उलटं झालंय. एक जण आमच्याकडं "सप्टेंबर सोडतो ताई, ऑफिसात टॅक्स ऑडिट आहे, जानेवारीत घरी लग्न आहे, निवांत मे ला बसतो" म्हणाला, मी शीट दाखवली की मे ला तुझा शेवटचा चान्स आहे, त्यात घसरलास तर ते ६२ गेले. नव्या स्कीममध्ये तीन संधी संपल्यावर सूट पुढं चालू ठेवायची सोय आहे, पण मग उरलेल्या पेपरांत प्रत्येकी ५० लागतात, म्हणजे ८८ च्या जागी शंभर. माझं म्हणणं, सूट असेल तर पुढचाच अटेम्प्ट द्यावा, अभ्यास ताजा असतो.

आणखी एक. सूट मिळायला त्या ग्रुपच्या सगळ्या पेपरांना बसलेलं असावं लागतं. पहिला पेपर वाईट गेला म्हणून रडत घरी आलेलं पोरगं दुसऱ्या पेपरला जातच नाही, आणि जो पेपर त्याचा पक्का होता त्यातले ६०-७० मार्क वाऱ्यावर जातात. परीक्षेच्या दिवसांत मी प्रत्येकाला पहिल्या पेपरनंतर एक फोन करते, पेपर कसा गेला विचारायला नाही, उद्या-परवाच्या पेपरला जायचंच एवढं सांगायला. हा एक फोन माझ्या सगळ्या शीटपेक्षा मोलाचा आहे असं मला वाटतं.

एक ग्रुप द्यायचा की दोन्ही, हा दुसरा घोळ. दोन्ही एकदम दिले तर एक फायदा असतो जो बऱ्याच जणांना माहीत नसतो. समजा पहिल्या ग्रुपला १६५ आणि दुसऱ्याला १४०. एकेकटा धरला तर दुसरा ग्रुप नापास. पण दोन्ही एकाच वेळी दिले असतील आणि प्रत्येक पेपरला ४० असतील तर सहाशेपैकी ३०० पुरे होतात, ३०५ झाले, दोन्ही पास. म्हणून ज्याचे एक-दोन पेपर दणदणीत असतात त्यानं दोन्ही द्यायला हरकत नाही. पण ज्याची तयारीच निम्मी आहे त्याला या हिशोबाच्या नादी लावू नये, ४० ची अट प्रत्येक पेपरला आहेच. आणि ही परीक्षा किती घासून घेते ते आकड्यांत बघा, फायनलचे दोन्ही ग्रुप एकदम दिलेल्यांत नोव्हेंबर २०२३ ला ९.४२ टक्के पास झाले आणि मे २०२४ ला १९.८८ टक्के. म्हणजे चांगल्या हंगामातसुद्धा पाचातले चार परत. नापास होणं हा इथं अपवाद नाही, हे ऑफिसच्या मालकानं आणि घरच्यांनी आधी मनाशी धरावं, मग पोराशी बोलावं.

आता आर्टिकलचं. त्याला दोन वर्षं परीक्षा नाही म्हणून ते निवांत असतं आणि आपणही निवांत असतो, तिथंच गडबड होते. फायनलला बसायच्या आधी ऑनलाइन मॉड्यूलचे चार सेट काढावे लागतात, ए, बी, सी, डी. ए म्हणजे आर्थिक कायदे, बी म्हणजे खर्चाचं नियोजन आणि कामगिरीचं मोजमाप, सी आणि डी मध्ये यादीतला एक-एक विषय आपण निवडायचा. प्रत्येकाला ५० टक्के लागतात. अवघड फार नाहीत, पण शेवटपर्यंत ठेवले की फायनलच्या अभ्यासाचे सहा महिने हेच खाऊन टाकतात. आमच्याकडं मी ठरवून टाकलंय की ज्या महिन्यांत ऑफिसला काम कमी, म्हणजे डिसेंबर आणि फेब्रुवारीच्या आसपास, तेव्हा एक-एक सेट. दोन वर्षांत चार सेट आरामात होतात. त्याशिवाय दोन-दोन आठवड्यांची ट्रेनिंग असतात, कॉम्प्युटरचं एक आणि बोलण्या-वागण्याचं एक, आर्टिकलशिपच्या आधी एकदा आणि फायनलच्या आधी पुन्हा वरच्या पातळीचं. त्यांच्या बॅच भरतात, जवळ जागा मिळाली नाही तर हुबळी नाहीतर बेंगळुरूला जाऊन राहावं लागतं, मुलीला तिकडं कुठं ठेवायचं हा घरी मोठा प्रश्न होतो, म्हणून ते चार महिने आधी शीटमध्ये पाहिजे.

नोंदणीला पण मुदत असते. इंटरची पाच वर्षं, फायनलची दहा वर्षं. पेड स्टाफमध्ये लग्न झालेल्या, मूल झालेल्या मुली असतात, मध्ये दोन वर्षं गॅप पडतो, परत अभ्यासाला बसतात तेव्हा कळतं नोंदणीच संपत आलीय. मुदत वाढवून घेता येते पण ती वेळेत करावी लागते. ही तारीख मी लाल रंगात ठेवते.

आता सीमाभागातल्या दोन गोष्टी, ज्या पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून कळणार नाहीत. पहिली, आपण कर्नाटकात म्हणून बेळगावची शाखा दक्षिण विभागात येते, म्हणजे चेन्नईकडं, आणि चाळीस किलोमीटरवरचं कोल्हापूर निपाणीकरांना जवळ असलं तरी ती शाखा पश्चिम विभागात, म्हणजे मुंबईकडं. निपाणीचं पोरगं कोल्हापुरात आर्टिकलशिप करतं, त्याचा मित्र बेळगावात करतो, दोघांचे कागद वेगळ्या विभागात जातात. "त्याचं झालं, माझं का नाही" असं पोरं विचारतात तेव्हा बऱ्याचदा उत्तर एवढंच असतं. कुणाचा विभाग कुठला ही नोंद पहिल्याच दिवशी करून ठेवायची.

दुसरी, नावाची. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. इथल्या दहावीच्या मार्क्स कार्डवर कधी आडनाव आधी येतं, कधी नुसतं आद्याक्षर, स्पेलिंग कानडी उच्चाराप्रमाणं झालेलं असतं, आधारवर तिसरंच. आयसीएआयच्या पोर्टलवर एक नाव आणि ओळखपत्रावर दुसरं असलं की ऐन फॉर्म भरायच्या आठवड्यात धावाधाव होते. रुजू होताना मी सगळे कागद शेजारी ठेवून नावाचं एक-एक अक्षर जुळवते. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करावं लागतं.

भाषेचं राहिलंच. परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही आणि कन्नडमध्येही नाही. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेलं पोरगं विषय समजून घेतं, मला मराठीत घडाघडा समजावून सांगतं, आणि उत्तरपत्रिकेत तीन वाक्यांत अडकतं. ऑडिट आणि कायद्याच्या पेपरला हे फार दिसतं, अकाउंट्सला कमी, कारण तिथं आकडे बोलतात. म्हणून आमच्या शीटमध्ये एक रकाना लिहिण्याचा आहे. आठवड्याला एक उत्तर हातानं लिहून आणायचं, दीड पानाचं, आणि सरांनी किंवा मी लाल पेनानं बघायचं. यात वाचन किती झालं याचा हिशोब नाही, हात किती चालतो याचा आहे.

अभ्यासाची प्रगती नेमकी मोजायची कशी, यावर मी खूप चुका करून आलेय. पहिल्यांदा तास लिहायला लावले. सगळ्यांनी छान तास लिहिले, रोज सहा, रोज सात, निकाल लागल्यावर सगळं उघडं पडलं. कारण विचारलं की कोणीही "अभ्यास करूलालोय की ताई" म्हणणारच, दुसरं काय म्हणणार. मग निकालावरच बघायचं ठरवलं, तर निकाल परीक्षेनंतर दोन महिन्यांनी येतो, तोवर काही करता येत नाही. आपल्या चिकोडी-अथणीकडचा ऊसवाला शेतकरी काय करतो, किती टन झाला हे त्याला कारखान्याच्या काट्यावरच कळतं, पण काट्यावर गेल्यावर खत घालता येत नाही. म्हणून तो उभ्या पिकात फिरतो, पेरं मोजतो, पान बघतो. तसं उभ्या अभ्यासात बघण्यासारखं काय आहे? माझ्या अनुभवानं एकच गोष्ट भरवशाची, तीन तास घड्याळ लावून, पुस्तक बंद करून लिहिलेला पूर्ण पेपर. आयसीएआय स्वतः मॉक टेस्ट पेपर आणि रिव्हिजन टेस्ट पेपर काढते, वेबसाइटवर फुकट असतात, उत्तरांसकट. परीक्षेआधीच्या तीन महिन्यांत प्रत्येक विषयाचे असे किती पेपर लिहिले, त्यात किती पडले, आणि किती प्रश्न वेळेअभावी सुटले, हे तीन आकडे. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. नव्या स्कीममध्ये बहुतेक पेपरांना ३० मार्कांचे पर्याय निवडायचे (एमसीक्यू) प्रश्न असतात, पोरं तिथं जास्त वेळ घालवतात आणि मोठी उत्तरं अर्धी राहतात, हे घरी घड्याळ लावल्याशिवाय दिसत नाही.

पहिल्या मॉकला ३२ पडले तर घाबरू नये. दुसऱ्याला ३८, तिसऱ्याला ४५ अशी चढण असली की पोरगं मार्गावर आहे. ५२, ५०, ५१ असं सपाट असलं तर मला जास्त काळजी वाटते, कारण तिथं वाचन थांबलेलं असतं आणि जुन्या पुंजीवर चाललेलं असतं.

आता ऑफिसची बाजू, आणि इथं मी मालकांशी बोलतेय. सप्टेंबरची परीक्षा कधी येते बघा. ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिटची मुदत, ११ आणि २० तारखेला जीएसटीची रिटर्न्स, आणि त्याच्या आगेमागे गणपती, बेळगावात तर गल्लीगल्लीत मांडव. पेड स्टाफमधलं परीक्षा देणारं पोरगं नेमकं तेव्हाच रजा मागतं आणि उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांच्या फायली टेबलावर पडलेल्या असतात. मुदत वाढेल या आशेवर कुणी नियोजन करू नये, वाढली तर वाढली. आमच्याकडं आता जूनमध्येच ठरतं की सप्टेंबरला कोण बसणार, त्यांची रजा कुठल्या तारखेपासून, आणि त्यांच्या फायली जुलै-ऑगस्टमध्येच पुढं ओढून घ्यायच्या. क्लायंटला आधी फोन करून कागद मागवायचे. एकदा जूनमध्ये ठरलं की सप्टेंबरमध्ये भांडण होत नाही. आणि आर्टिकलला आठवड्याला ३५ तास ही आयसीएआयनं ठरवून दिलेली गोष्ट आहे, रात्री नऊपर्यंत बसवून घेऊन वर अभ्यास कर म्हणणं बरोबर नाही, मी हे आमच्या सरांनाही तोंडावर सांगते आणि ते ऐकतात.

निकालाचा आणि फॉर्मचा मेळ हीसुद्धा पकडायची जागा आहे. मे चा निकाल साधारण जुलैच्या सुरुवातीला येतो आणि सप्टेंबरचा फॉर्म जवळजवळ त्याच सुमारास सुरू होतो, दोन आठवडे चालतो, मग लेट फी लागते आणि मग बंद. नापास झालेलं पोरगं आठ दिवस खोलीतून बाहेर येत नाही, घरात कुणी बोलत नाही, आणि फॉर्मची तारीख निघून जाते. मी निकालाच्या तिसऱ्या दिवशी बोलावून घेते. मार्क विचारत नाही, मार्कशीट आण म्हणते, मग दोघं बसून बघतो, कुठं सूट मिळाली, बेरजेला किती कमी पडले, उरलेल्यात किती लागतील. आकडे कागदावर उतरले की रडणं थोडं थांबतं. पोरं म्हणतात दोन मार्कांनी गेलं, मी म्हणते बघ, तुझ्याकडं ६२ जमा आहेत.

हे सगळं कुणाला दिसावं याबद्दल मी फार कडक आहे. रजा, नोंदणी, ट्रेनिंगच्या तारखा सगळ्यांना दिसल्या तर चालतात. मार्क फक्त त्या पोराला, मला आणि सरांना. एका ऑफिसात, नाव घेत नाही, ऑफिसच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सगळ्यांचे निकाल टाकायचे, पासवाल्यांना फुलं आणि नापासवाल्यांच्या नावापुढं फुली. तिथली एक मुलगी नंतर आमच्याकडं आली, तिनं पुढचे दोन अटेम्प्ट दिल्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं, रजासुद्धा पोटदुखी म्हणून काढलेली. पोरं लपवायला लागली की तुमच्या शीटमधलं काहीच खरं राहत नाही. आणि पगारवाढ किंवा स्टायपेंड मॉकच्या मार्कांना जोडायचा नाही, जोडला की मार्क खोटे होतात, त्याच दिवसापासून.

थोडं सीपीएबद्दल, कारण आता इथली पोरं पुणे-बेंगळुरूच्या मोठ्या ऑफिसांत लागतात आणि तिथं कंपनी अमेरिकेची सीपीए परीक्षा, म्हणजे तिथली सीएसारखी परीक्षा, द्यायला लावते, कधी फीसुद्धा भरते. जानेवारी २०२४ पासून तिचं रूप बदललंय, तीन पेपर सक्तीचे, ऑडिट, अकाउंटिंग आणि टॅक्सकडचे, चौथा तीन पर्यायांतून एक. प्रत्येक चार तासांचा, ७५ ला पास. २०२० पासून भारतातच देता येते, बेंगळुरू, मुंबई, हैदराबाद अशा शहरांत केंद्रं आहेत, बेळगावच्या पोराला रात्रीच्या गाडीनं जावं लागतं तेवढंच. तिथं ग्रुप नाहीत, एकेक पेपर सुटा काढायचा, पण पहिला पेपर पास झाल्यापासून घड्याळ चालू होतं आणि ठरलेल्या काळात बाकीचे काढले नाहीत तर पहिला रद्द होतो. आधी हा काळ १८ महिन्यांचा होता, आता बऱ्याच राज्यांत ३० महिने केलाय. लायसन तिथलं प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगळं देतं, म्हणून कुठल्या राज्यातून अर्ज केला ही नोंद पहिली. आणि परीक्षा पास म्हणजे लायसन नव्हे, शिक्षणाचे क्रेडिट, कामाचा अनुभव, काही राज्यांत नीतिमत्तेची वेगळी परीक्षा, हे सगळं झाल्यावर लायसन. कंपन्यांच्या यादीत "पास" असं एकच खूण असलेलं कॉलम असतं आणि पुढची वर्ष-दीड वर्षाची कामं कुणाच्याच नजरेत नसतात, असं तिकडं गेलेली आमचीच पोरं सांगतात.

शीट म्हणजे काही मोठं सॉफ्टवेअर नाही. गूगल शीट, प्रत्येक पोराची एक ओळ. कुठल्या टप्प्यावर आहे, विभाग कुठला, नोंदणी कधी संपते, रजा आजपर्यंत किती आणि किती उरली, कुठले सेट झाले, सूट कुठल्या पेपरला आणि कुठल्या परीक्षेपर्यंत, शेवटचा मॉक कधी लिहिला, आणि शेवटचा रकाना, पुढची तारीख कुठली आणि त्यासाठी ऑफिसनं काय करायचंय. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही हा माझा एकमेव नियम. महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रत्येकाबरोबर दहा मिनिटं, चहा घेत, शीट त्याच्यासमोर उघडून. बहुतेक वेळा बदल एखाद्या आकड्याचाच असतो. कधी कधी त्या दहा मिनिटांत कळतं की घरी वडिलांचं ऑपरेशन आहे, किंवा पोराला सीए करायचंच नाहीये आणि सांगायचं धाडस होत नाहीये, आणि ते कुठल्या रकान्यात लिहायचं नसतं, ऐकून घ्यायचं असतं.

खानापूरकडच्या त्या मुलीनं जानेवारीत दोन्ही ग्रुप दिले. पहिला निघाला. दुसरा गेला, पण इनडायरेक्ट टॅक्सला ६४ आहेत. आता ती आमच्याकडंच पगारावर आहे. निकालाच्या तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसलो आणि तिच्या ओळीत लिहिलं: सूट मे, सप्टेंबर, जानेवारी. उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८६ पाहिजेत. शेवटच्या रकान्यात तिनं स्वतःच टाइप केलं, मे चा फॉर्म आजच भरायचा, आणि त्याच्या खाली मी, एप्रिलपासून रजा, तिच्या फायली माझ्याकडं.